कुत्र्यांचा अपस्मार

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आणि पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी यांच्या दरम्यान वेलचेरी नावाची वस्ती आहे. एके काळी हे तळ्याकाठचे साधे खेडे होते. गेल्या काही दशकांत तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, २००७ साली उन्नत लोहमार्ग आला, आणि माणसांच्या पाठोपाठ कुत्र्यांचीही वस्ती वाढली. इमारतींत लॅब्राडोर, बीगल व पॉमेरेनियन, आणि खाली रस्त्यावर, चहाच्या टपऱ्यांपाशी, गावठी कुत्री. याच वेलचेरी मार्गावर ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेचे पशुरुग्णालय व निवारा आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम् व त्यांच्या पत्नी उषा यांनी १९५९ साली ही संस्था स्थापन केली.

अशा वस्तीत एखादे कुत्रे भर रस्त्यात एकाएकी आडवे पडते, त्याचे पाय ताठ होतात, जबडे एकमेकांवर आपटू लागतात व तोंडातून फेस येतो. पाहणारे लोक जमतात. त्यांपैकी कोणी तरी ‘कुत्रे पिसाळले’ असे म्हणतो, आणि मग काठी किंवा दगड हाती येण्यास वेळ लागत नाही. वस्तुतः त्या कुत्र्याला झालेला विकार अपस्माराचा असू शकतो, आणि दोनच मिनिटांत तो झटका आपोआप ओसरणार असतो. उलटपक्षी खरोखरच अलर्क, म्हणजे रेबीज, झालेल्या कुत्र्याला ‘बिचाऱ्याला फीट आली’ म्हणून कोणी दयेने उचलून घेतले, तर त्या दयेची किंमत माणसाच्या प्राणाने मोजावी लागते. म्हणून या दोन विकारांतील भेद जाणणे हा केवळ कुत्रे पाळणाऱ्यांच्या हौसेचा विषय नाही.

अपस्मार या शब्दाचा मूळ अर्थ स्मृतीचा लोप. चरकसंहितेत या रोगाचे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. तामिळ लोक त्याला ‘वलिप्पु’ म्हणतात. मराठीत फेफरे, मिरगी, आकडी ही नावे रूढ आहेत. नटराजाच्या मूर्तीत शिवाच्या पायाखाली जो बुटका पुरुष दिसतो त्याचे संस्कृत नाव अपस्मार आणि तामिळ नाव मुयलकन् असे आहे. चेन्नईच्या एग्मूर येथील शासकीय संग्रहालयातील तिरुवालंगाडूच्या विख्यात नटराजमूर्तीपुढे उभे राहणाऱ्या अनेकांना आपण एका रोगाचे मूर्त रूप पाहत आहो याची कल्पनाही नसते. हा रोग दैवी कोपाचा आहे, ही समजूत ग्रीस देशातही होती. तिचे खंडन करताना हिपोक्रेटीसच्या परंपरेतील एका लेखकाने सुमारे २४०० वर्षांपूर्वी जनावरांचाच दाखला दिला. शेळ्यांनाही हा विकार होतो. अशा शेळीचे डोके फोडून पाहिले असता मेंदूच दूषित आढळतो. मग यात देवाचा संबंध कोठे आला, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याचे शरीरविज्ञान आज टिकणारे नाही, परंतु युक्तिवाद मात्र अजून खणखणीत आहे.

झटक्याचे स्वरूप

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना अल्पशा विद्युत्-स्पंदांनी संदेश देतात. काही पेशी शेजारच्या पेशींना उत्तेजित करतात, तर काही त्यांना आवरतात. हा तोल सांभाळला जातो तोवर प्राणी चालतो, हुंगतो, झोपतो. हा तोल एखाद्या ठिकाणी बिघडला म्हणजे असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात, विद्युत्-स्पंद सोडू लागतात आणि त्यांचा लोंढा आजूबाजूच्या भागांत पसरतो. यालाच अपस्माराचा झटका म्हणतात. इंग्रज वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन याने १८७३ साली ही कल्पना प्रथम स्पष्टपणे मांडली. तिच्या पाठीशी जो प्रयोग होता तो कुत्र्यांवरच झालेला होता. बर्लिन येथे गुस्ताफ फ्रिट्श व एडुआर्ट हिट्झिग या दोघांनी १८७० साली कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्-प्रवाह लावला. एका ठिकाणी स्पर्श करताच पुढचा पाय हलला, दुसऱ्या ठिकाणी चेहऱ्याचे स्नायू आखडले. प्रवाह वाढविला तेव्हा प्राण्याला आकडी आली. माणसाच्या अपस्मारासंबंधी आज जे ज्ञान आहे त्याच्या पायाशी ही मुकी जनावरे आहेत. त्याच ज्ञानाचा उपयोग त्यांच्या जातभाईंना व्हावा, हे न्याय्यच आहे.

झटक्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे सर्वांगाला येणारी आकडी. कुत्रे बेशुद्ध होऊन एका कुशीवर पडते. प्रथम सर्व स्नायू ताठरतात, मान मागे वळते, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा वाटतो. नंतर पाय पोहल्याप्रमाणे किंवा सायकल चालविल्याप्रमाणे हलू लागतात, जबडे चघळल्यासारखे मिटतात-उघडतात, लाळ गळते, लघवी व शौच नकळत होते. डोळे उघडे असतात, पण दृष्टी कशावरही नसते. हे सर्व बहुधा एक ते दोन मिनिटांत संपते. पाहणाऱ्याला मात्र ते दहा मिनिटांसारखे वाटते, आणि म्हणूनच घड्याळाकडे पाहण्याची सवय येथे फार उपयोगी पडते.

दुसरा प्रकार एकदेशीय झटक्यांचा. यात मेंदूचा एखादाच भाग सापडलेला असतो. अर्धा चेहरा फुरफुरतो, एकच पाय ठरावीक तालात उडतो, किंवा कुत्रे हवेत नसलेल्या माश्या पकडावयास झेपावते. अशा वेळी घरातली मुले हसतात. तथापि माश्या पकडण्याचा हा खेळ रोज, विनाकारण आणि हाक मारूनही न थांबणारा असेल, तर त्याची नोंद ठेवावी. कित्येकदा झटका अशा एका भागातून सुरू होऊन पाहता पाहता सर्वांगात पसरतो.

झटक्याआधीचे काही तास, क्वचित एखादा दिवस, कुत्रे अस्वस्थ असते. मालकाला चिकटून राहते किंवा उलट कोपऱ्यात दडते. झटक्यानंतरचा काळ याहून महत्त्वाचा आहे. शुद्धीवर आलेले कुत्रे भ्रमिष्टासारखे भटकते, भिंतीला धडकते, आपल्याच माणसांना ओळखत नाही. काही वेळ त्याला दिसतही नाही. त्याला विलक्षण भूक व तहान लागते. ही अवस्था काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत टिकू शकते. गोंधळलेले कुत्रे या काळात घरच्या माणसालाही चावू शकते, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

आकडीसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट मात्र आकडी नसते. झोपेत पाय हलविणारे, बारीक भुंकणारे कुत्रे स्वप्न पाहत असते. हाक मारताच ते जागे होते. येथे सावधगिरी एवढीच की, खरे झटकेही पुष्कळदा झोपेत वा विश्रांतीच्या वेळीच येतात, पण त्यांतून हाकेने जाग येत नाही. हृदयविकार असलेले कुत्रे धावता धावता किंवा जोराने खोकताना मूर्च्छित होते. त्याचे अंग बहुधा सैल पडते व काही क्षणांत ते उठून पूर्ववत् चालू लागते, मागे भ्रम उरत नाही. वृद्ध कुत्र्याला कानाच्या आतील तोल-इंद्रियाच्या विकाराने एकाएकी घेरी येते, मान कलते, बुबुळे एका बाजूला झपझप सरकतात. परंतु ते शुद्धीवर असते. हे भेद शब्दांत सांगणे सोपे, प्रत्यक्ष गडबडीत ओळखणे कठीण. यासाठी आज प्रत्येकाच्या खिशात असलेला मोबाइल दूरध्वनी हे अत्यंत उपयुक्त साधन ठरले आहे. झटक्याचे एका मिनिटाचे चलच्चित्रण पशुवैद्याला अर्ध्या तासाच्या वर्णनाहून अधिक सांगते.

पिसाळणे आणि आकडी

अलर्क हा विषाणूंचा रोग आहे. तो बहुधा चाव्यातून आलेल्या लाळेमुळे होतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत चढतो. अपस्मार झालेले कुत्रे दोन झटक्यांच्या मधल्या काळात पूर्णपणे निरोगी असते. ते खाते, पिते, खेळते, मालकाच्या हाकेला ओ देते. अलर्कात असे कधी होत नाही. तेथे दिवसागणिक अधोगतीच असते. स्वभाव पालटतो, माणसाळलेले कुत्रे अंधारात दडू लागते, किंवा समोर येईल त्या दगडाला, लाकडाला, माणसाला चावत सुटते. भुंकण्याचा आवाज बदलतो, घसा बसल्यासारखा होतो. खालचा जबडा लोंबतो, गिळता न आल्यामुळे लाळ सतत गळते. मागचे पाय लुळे पडतात आणि लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः दहा दिवसांच्या आत मृत्यू येतो. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते, ही समजूत सर्वत्र आढळते, पण ती चुकीची आहे. पाण्याचे भय हे रोगी माणसाचे लक्षण होय. कुत्रे पाण्यापाशी जाते, तोंडही घालते, मात्र ते गिळू शकत नाही. यामुळे ‘पाणी ठेवून पाहा’ ही परीक्षा निरुपयोगी तर आहेच, शिवाय धोक्याची आहे.

एक अडचण राहतेच. अलर्काच्या शेवटच्या अवस्थेत कुत्र्याला आकडीही येऊ शकते. अनोळखी, लस न टोचलेल्या, रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत एकदाच पाहून निर्वाळा देणे कोणालाही शक्य नाही, पशुवैद्यालाही नाही. म्हणून नियम असा की, त्याला हात लावू नये, दगडही मारू नये. माणसांना दूर ठेवून थांबावे व पशुरुग्णालयास कळवावे. चावा बसला, किंवा लाळ जखमेला लागली, तर निदानाची वाट न पाहता ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. अलर्काची लक्षणे माणसात एकदा प्रकट झाली की उपाय जवळजवळ उरत नाही. त्याआधी मात्र लशीने, व त्वचा फाटलेल्या चाव्यात तिच्या जोडीला दिलेल्या प्रतिपिंडांनी, रोग टाळता येतो. वेलचेरीपासून जवळच गिंडी येथे १८९९ साली स्थापन झालेली किंग संस्था आहे. प्रतिबंधक लशींच्या इतिहासात दक्षिण भारतात तिचे स्थान मोठे आहे. लसीकरणाचा पल्ला वाढला की काय साधते, हे गोव्याने दाखविले. २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. चेन्नईत १९९६ पर्यंत महापालिका भटकी कुत्री पकडून ठार मारीत असे. त्यानंतर नसबंदी व लसीकरणाचा मार्ग पत्करला गेला, आणि त्यासाठी ब्लू क्रॉस संस्थेने कित्येक वर्षे आग्रह धरला होता. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाला नसबंदीची खूण आहे, त्याला त्या वेळी अलर्काची लसही टोचलेली असते. ती किती जुनी झाली हे खुणेवरून कळत नाही, तरी शंका काहीशी कमी होते.

कारणांचा शोध

आकडी हे लक्षण आहे. तिच्यामागे पुष्कळ कारणे असू शकतात. पशुवैद्य त्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग करतात. मेंदू निरोगी असून शरीरातील अन्य बिघाडामुळे किंवा विषामुळे त्याला झटका बसतो, तो पहिला वर्ग. मेंदूतच काही व्याधी आहे, तो दुसरा. आणि कोठेच काही सापडत नाही, केवळ झटक्यांची प्रवृत्ती तेवढी आहे, तो तिसरा. या तिसऱ्याला स्वयंभू अपस्मार म्हणतात.

पहिल्या वर्गातील कारणे घरोघरी भेटतात. जंतांनी पोखरलेल्या, उपाशी राहिलेल्या लहान पिलाच्या रक्तातील साखर उतरते आणि त्याला आकडी येते. आठ-दहा पिलांना पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातील कॅल्शियम कमी होऊन ती थरथरू लागते, ताठरते. वेळेवर कॅल्शियम शिरेतून दिले तर पाहता पाहता उठून बसते, न दिले तर दगावते. यकृतातून न जाता रक्त बाजूच्या वाटेने वळविणारी जन्मजात वाहिनी असल्यास अशुद्ध रक्त मेंदूपर्यंत पोचते. असे पिलू विशेषतः जेवणानंतर भ्रमिष्टासारखे वागते. गोचीड मारण्याची कीटकनाशके जास्त प्रमाणात अंगावर चोळणे, उंदरांसाठी ठेवलेले जस्त फॉस्फाइड खाल्ले जाणे, हीही नेहमीची कारणे. पावसाळ्यात अंगणात आलेला भेक तोंडात धरल्यामुळेही काही कुत्र्यांना झटके येतात, कारण भेकाच्या त्वचेतील ग्रंथींत विष असते. अशा प्रसंगी आकडी थांबविण्याइतकेच कारण दूर करणे महत्त्वाचे, म्हणून घराच्या कोपऱ्यांत काय ठेवले आहे, याची चौकशी पशुवैद्य प्रथम करतो.

दुसऱ्या वर्गात मोटारीचा मार, मेंदूतील गाठ, पोमेरेनियन व चिहुआहुआ यांसारख्या लहान जातींत आढळणारा मस्तिष्कजलाचा संचय असे विकार येतात. परंतु भारतीय शहरांत यांहून अधिक लक्ष वेधून घेतो तो डिस्टेंपर. फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे याने १९०५ साली दाखवून दिले की हा रोग जंतुगाळणीतूनही पार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कारकामुळे, म्हणजे आजच्या भाषेत विषाणूमुळे, होतो. माणसाच्या गोवराचा विषाणू त्याच्याच कुळातला आहे. प्रथम ताप, डोळ्यानाकातून चिकट स्राव, खोकला, हगवण. मग काही पिले बरी झाल्यासारखी दिसतात. काही आठवड्यांनी, मालक निश्चिंत झालेला असताना, मेंदूवरचा हल्ला प्रकट होतो. जबडे च्युइंगम चघळल्याप्रमाणे हलण्याचे झटके येतात. एखाद्या पायाचा किंवा डोक्याच्या बाजूचा स्नायू ठोके पडावेत तसा उडत राहतो, आणि हे उडणे झोपेतही थांबत नाही; हे चिन्ह दिसले की बहुधा डिस्टेंपरचेच निदान होते. अशी पिले जगली तरी काहींना जन्मभर झटके येतात. यावर खरा उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होणारी व सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने दिली जाणारी लस. पिलू रस्त्यावरून उचलून आणले असेल तर हे काम दुसऱ्याच दिवशी हाती घ्यावे.

स्वयंभू अपस्मार कुत्र्यांत विरळा नाही. दर हजार कुत्र्यांमागे सुमारे सहा ते सात इतके त्याचे प्रमाण मानले जाते. पहिला झटका बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात येतो. त्याआधी किंवा त्यानंतर झटके सुरू झाले, तर अन्य कारणांचा कसून शोध घ्यावा लागतो. चोवीस तासांहून अधिक अंतराने, कोणत्याही बाह्य कारणावाचून, निदान दोन झटके आल्याशिवाय अपस्मार हा शब्द वापरू नये, असा संकेत आहे. पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय अपस्मार मंडळाने २०१५ साली निदानाच्या पायऱ्या ठरवून दिल्या: प्रथम वय, इतिहास, तपासणी, रक्त व मूत्र यांच्या चाचण्या, पुढे जरूर पडल्यास पित्ताम्लांची चाचणी, मेंदूची चुंबकीय प्रतिमा व मेरुद्रवाची परीक्षा, आणि शेवटची पायरी मेंदूच्या विद्युत्-आलेखाची. चुंबकीय प्रतिमेचा खर्च सर्वांना झेपणारा नसतो. सुदैवाने पहिली पायरीच पुष्कळ सांगून जाते, आणि ती पार पाडण्यास चांगला वैद्य, साध्या चाचण्या व मालकाची वही एवढे पुरते. वेपेरी येथील मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ पासून चालू आहे, आणि वेलचेरीतील मालकास त्याच्या रुग्णालयाचा आधार आहे. मुंबईकरांना परळचे, १८८६ सालचे, पशुवैद्यक महाविद्यालय त्याच अर्थाने जवळचे.

या विकाराचे मूळ आनुवंशिकतेत असावे, हे काही जातींच्या वंशावळीवरून दिसून येते. बीगल, बॉर्डर कॉली, बेल्जियन शेफर्ड, लॅब्राडोर यांच्या काही कुळांत तो वारंवार आढळतो. बहुतेक जातींत अनेक जनुके मिळून ही प्रवृत्ती निर्माण करतात, म्हणून एकट्या जनुकाचा शोध फोल ठरतो. तथापि अपवाद आहेत. इटलीच्या लागोट्टो रोमान्योलो जातीच्या पिलांना पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात झटके येऊ लागतात व साधारण चौथ्या महिन्यापर्यंत ते आपोआप नाहीसे होतात. यामागचे ‘एलजीआय-२’ हे जनुक फिनलंडमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केले. याच कुळातील ‘एलजीआय-१’ जनुकाचा बिघाड माणसाच्या एका अपस्माराशी जोडलेला आहे. तारेसारख्या केसांच्या बुटक्या डाशहुंड कुत्र्यांत लाफोरा नावाचा विकार आढळतो. साखरेचा एक चुकीचा साठा पेशींत जमतो आणि डोळ्यांसमोर अचानक प्रकाश किंवा हालचाल आली की अंग उडते. त्याचे आनुवंशिक कारण २००५ साली उलगडले. या शोधांचा व्यवहारातला अर्थ स्पष्ट आहे: अपस्मार असलेल्या कुत्र्याचे प्रजनन करू नये. आपल्याकडे पिलांचा व्यापार करणारे बरेच लोक आईबापांच्या प्रदर्शनातील पारितोषिकांचा पाढा वाचतात, झटक्यांचा उल्लेखही करीत नाहीत. ग्राहकाने तो प्रश्न स्वतः विचारावा.

झटक्याच्या वेळी

कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबणे हे उपाय माणसांवर होत आले, तसेच ते कुत्र्यांवरही होतात. त्यांचा काही उपयोग नाही. झटका आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते, इतकेच. तोंडात बोटे किंवा चमचा घालणे तर वेडेपणाचे आहे. कुत्रे जीभ गिळत नाही, पण बोट मात्र तुटू शकते. करावयाचे ते एवढेच: जिना, पाण्याची टाकी, टेबलाचे कोपरे यांपासून त्याला कमरेकडून ओढून दूर करावे, दिवे मंद करावे, आवाज बंद करावा, इतर कुत्र्यांना बाहेर काढावे आणि घड्याळ पाहावे. दिवाळीतील फटाक्यांच्या रात्री, ज्या कुत्र्याला हा विकार आहे, त्याला आधीच आतल्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे.

झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा एकातून सावरण्यापूर्वीच दुसरा आला, तर तो अत्यंत निकडीचा प्रसंग समजावा. चोवीस तासांत दोनहून अधिक झटके आले, तरीही त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. येथे चेन्नईच्या हवामानाचा विचार करणे भाग आहे. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. सतत आकुंचन पावणारे स्नायू उष्णता निर्माण करतात, आणि कुत्रे घामाने नव्हे तर मुख्यतः धापा टाकून थंड होते. मे महिन्याच्या दमट दुपारी, वारा पडलेल्या खोलीत, दहा मिनिटांच्या आकडीने हे तापमान ४१ अंशांपलीकडे जाऊ शकते, व मग इजा झटक्यापेक्षा उष्णतेनेच अधिक होते. म्हणून पशुवैद्याकडे नेत असतानाच अंगावर, विशेषतः पोटावर व जांघांत, नळाचे साधे पाणी घालावे व पंखा किंवा गाडीतील वारा लागू द्यावा. बर्फ नको, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. ज्या कुत्र्याला वारंवार झटक्यांच्या मालिका येतात, त्याच्या मालकास पशुवैद्य गुदद्वारातून देण्याचे डायझेपाम घरी ठेवण्यास सांगतो; त्याचे प्रमाण मात्र त्यानेच ठरवावयाचे.

औषधे

सर्वच कुत्र्यांना रोज औषध लागत नाही. वर्षातून एखादा लहानसा झटका येत असेल, तर केवळ नोंद ठेवून थांबतात. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके, झटक्यांची मालिका, किंवा झटक्यानंतरची दीर्घ, उग्र अवस्था दिसली म्हणजे उपचार सुरू करतात. या औषधांनी रोग नाहीसा होत नाही. झटक्यांची संख्या व तीव्रता कमी होते. मालकाने प्रारंभीच ही गोष्ट मनाशी पक्की करावी, नाही तर पहिल्याच झटक्याला औषध फसले असे वाटून ते बंद केले जाते.

मुख्य औषध फेनोबार्बिटोन. जर्मन वैद्य आल्फ्रेट हाउप्टमान याने १९१२ साली माणसाच्या अपस्मारात त्याचा उपयोग दाखविला. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी कुत्र्यांसाठी ते आजही पहिल्या पसंतीचे आहे, शिवाय स्वस्त आहे. ते बारा तासांच्या अंतराने द्यावे लागते. प्रारंभी कुत्रे सुस्तावते, डुलत चालते, फार खाते, फार पाणी पिते. दोन-तीन आठवड्यांत सुस्ती बहुधा ओसरते. काही आठवड्यांनी रक्तातील औषधाचे प्रमाण, व त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करावी लागते. दुसरे औषध पोटॅशियम ब्रोमाइड. ते सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली प्रचारात आणले, आणि माणसांच्या औषधांतून ते मागे पडले तरी कुत्र्यांत टिकून आहे. ते शरीरातून इतके सावकाश बाहेर पडते की, रक्तातील पातळी स्थिर होण्यास तीन-चार महिने लागतात. या औषधाची एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूत्रपिंडे ब्रोमाइड व मिठातील क्लोराइड यांत भेद करीत नाहीत. आहारात मीठ वाढले की ब्रोमाइड झपाट्याने निघून जाते, घटले की साचते. ज्या घरी कुत्र्याला सांबारभाताचे उष्टे, लोणच्याची फोड, पापडाचे तुकडे कधी मिळतात व कधी मिळत नाहीत, तेथे औषधाचे प्रमाण बरोबर असूनही झटके का येतात, याचे उत्तर ताटात सापडते. लेव्हेटिरासिटाम व इमेपिटॉइन ही त्यामानाने नवी औषधे; दुसऱ्याला युरोपात २०१३ साली मान्यता मिळाली.

घरातील कोणाला अपस्मार असेल, तर त्याच गोळ्या कुत्र्याला देण्याचा मोह होतो. तो टाळावा. फेनिटॉइन माणसाच्या शरीरात सुमारे एक दिवस टिकते, कुत्र्याचे यकृत मात्र ते काही तासांतच नष्ट करते. व्हॅलप्रोएटचीही कथा फारशी वेगळी नाही. एवढे करूनही सुमारे एक-तृतीयांश कुत्र्यांत झटके पुरेसे आटोक्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी दोन औषधे एकत्र देतात, किंवा मध्यम लांबीच्या मेदाम्लांनी युक्त आहाराची जोड देतात. त्या आहाराचा काही प्रमाणात उपयोग होतो, असे लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले.

सर्वांत मोठा धोका औषध चुकण्यात आहे. फेनोबार्बिटोन एकाएकी थांबले, तर आवरलेले झटके दुप्पट जोराने उसळतात. ते पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही, म्हणून शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नये. वेलचेरीतील रहिवाशांना हे विशेष सांगावे लागते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मधील मिचौंग चक्रीवादळात येथील रस्ते पाण्याखाली गेले व कित्येक घरांचा बाजाराशी संबंध तुटला. ईशान्य मोसमी पावसाच्या आरंभी, ऑक्टोबरातच, महिन्याभराच्या गोळ्या जलरोधक डबीत, वरच्या फळीवर ठेवणे हा औषधोपचाराचाच भाग मानावा.

मालकाच्या वहीत प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, कालावधी, आधीचे खाणे व नंतरची अवस्था असावी. औषधाचे प्रमाण वाढवावे की कमी करावे, हे या वहीवरून ठरते. वर्ष-दोन वर्षे एकही झटका आला नाही, तर पशुवैद्य औषध हळूहळू कमी करून पाहू शकतो. दर महिन्यास पाचव्या हिश्शाहून अधिक कपात केली जात नाही, आणि या काळात एक जरी झटका परतला तरी आधीचे प्रमाण पुन्हा सुरू होते.